हात वर होत नाही? खांदा आखडण्याचं दुखणं अंगावर काढू नका



या वेळचा नाही, त्याआधीचा कापूस वेचणीचा हंगाम. एका गटाच्या मासिक बैठकीला गेले होते. अंतर्गत कर्जाचा ठराव होता. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा," म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर गेले. एका ताईंनी मात्र डावा हात वर केला. उजवा मांडीवर तसाच ठेवला. मी पाहिलं आणि सोडून दिलं.

पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कर्जाचा हप्ता राहिला. नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड त्यांच्या नावापुढे लिहा, असं सचिव ताईंना मीच सांगितलं.

मग जानेवारीत त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "मॅडम, हात वरच नाही होऊन राहिला. पोळ्यापासून दुखते. वेणी पोरगी घालून देते, ब्लाउज घालाले पोरगी लागते. आता तिचं लग्न जमलं. ती गेल्यावर काय करू सांगा."

वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवसाला चाळीस किलो वेचणाऱ्या या ताई पंचवीसवर आल्या होत्या, म्हणून हप्ता राहिला. रात्री कुशीवर झोपता येत नव्हतं. घरात सासूबाई म्हणत, "वेचणी आली का हिचा खांदा दुखते." हात मुरगळलेला नाही, सुजलेला नाही, बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे कोणाला खरंच वाटत नव्हतं.

आणखी एक कबूल करते. बैठकीला येणं बंद होण्याआधी एकदा त्यांनी मला खांद्याचं सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "तेल लावून चांगलं रगडून घ्या, होईल बरं." एमएसडब्ल्यू केलंय, पण या दुखण्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. नंतर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांच्यासोबत गेले, तिथल्या डॉक्टरांना आणि जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टना विचारून विचारून जे समजलं, ते इथे लिहितेय. ताई म्हणाल्या, "माझं नाव टाकू नका, पण लिहा. दुसरीचे दिवस वाया जायचे नाहीत."

आत नेमकं काय होतं?

या दुखण्याला डॉक्टर 'फ्रोजन शोल्डर' म्हणतात, म्हणजे गोठलेला खांदा. आपण म्हणतो खांदा आखडला, खांदा धरला.

खांद्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. दंडाच्या हाडाचं गोल टोक एका उथळ बशीसारख्या खोबणीत फिरतं. त्या सांध्याभोवती एक पातळ, मजबूत आवरण असतं, पिशवीसारखं. हे आवरण खालच्या बाजूला, काखेकडे, सैल असतं. तो सैलपणा आहे म्हणून हात डोक्यावर जातो.

ब्लाउजचं उदाहरण घ्या. काखेत कापड सैल असलं की हात वर करून फळीवरचा डबा काढता येतो. शिंप्यानं काख घट्ट शिवली तर हात अर्ध्यावर अडतो. फ्रोजन शोल्डरमध्ये आतलं आवरण असंच होतं. आधी त्याला सूज येते, म्हणून दुखतं. मग ते जाड होतं, आकसतं, आणि हात अडतो. हाड मोडलेलं नसतं. एक्स-रे काढला तर बहुतेक वेळा हाडं ठीकच दिसतात. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे काहीच झालेलं नाही" असा अर्थ काढू नका.

कोणाला होतं?

साधारण ४० ते ६० या वयात होतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. म्हणजे आपल्या गटांतल्या निम्म्या ताई याच वयाच्या.

बऱ्याचदा नेमकं कारण सापडत नाही. पण काही गोष्टी असतील तर धोका वाढतो:

• मधुमेह, म्हणजे शुगर. हे सगळ्यात महत्त्वाचं. शुगर असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, जास्त दिवस राहतो, आणि दोन्ही खांद्यांना होण्याची शक्यताही जास्त असते.
• थायरॉइडचा आजार.
• हात बरेच दिवस न हलवता ठेवणं. हात मोडून प्लास्टर लागलं, खांद्याचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं, लकवा झाला, अशा वेळी.

एक गैरसमज नेहमी ऐकते, "जड काम केलं म्हणून झालं." हंडे उचलून, खुरपून खांदा दुखू शकतो, पण ते वेगळं. फ्रोजन शोल्डर शाळेतल्या बाईंनाही होतो आणि घरात बसणाऱ्या आजींनाही. "वात धरला, थंड पाण्यात हात घातला" हेही त्याचं कारण नाही.

तीन टप्पे

हे दुखणं तीन टप्प्यांतून जातं. ते माहीत असले की घाबरायला होत नाही, आणि कुठल्या वेळी काय करायचं हेही कळतं.

पहिला, दुखण्याचा टप्पा. हळूहळू सुरू होतो. रात्री जास्त ठणकतं. अचानक हात मागे गेला किंवा झटका बसला तर डोळ्यांपुढे अंधारी येईल इतकी कळ येते. हात हलवणं दिवसेंदिवस कमी होतं. हा टप्पा काही आठवड्यांपासून आठ-नऊ महिन्यांपर्यंत चालू शकतो.

दुसरा, आखडण्याचा टप्पा. ठणका कमी होतो, पण हात जाम. वर जात नाही, पाठीमागे जात नाही, बाहेर वळत नाही. हा चार महिने ते वर्षभर राहू शकतो.

तिसरा, मोकळा होण्याचा टप्पा. हात हळूहळू सुटायला लागतो. यालाही सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात.

सगळं मिळून एक ते तीन वर्षं. आकडा ऐकून आमच्या ताईंचा चेहरा उतरला होता. पण डॉक्टरांनी लगेच दुसरी बाजू सांगितली. बहुतेक बायकांचा हात ऑपरेशनशिवाय चांगला सुटतो. काहींना थोडा आखडलेपणा राहतो, पण कामं करता येतात. आणि एकदा बरा झालेला खांदा पुन्हा आखडणं फार क्वचित घडतं. योग्य उपचार आणि व्यायामानं दुखणं कमी होतं, हात लवकर कामाला येतो. मात्र आठ दिवसांत बरा करून देतो असं कोणी सांगितलं तर पैसे काढू नका.

घरी कसं ओळखायचं?

पक्कं निदान डॉक्टरच करतील. पण दवाखान्यात जायचं की नाही, हे ठरवायला एक साधी तपासणी आहे. सोबत घरातलं कोणी घ्या.

१. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून हात काटकोनात वाकवा, पुढे ताट धरल्यासारखे. आता कोपर न सोडता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला वळवा. एक हात जातो आणि दुसरा थोडासा जाऊन अडतो का, ते पाहा.

२. हात सैल सोडा आणि दुसऱ्या व्यक्तीला तो हळूच वर उचलायला सांगा. जबरदस्ती नको. स्वतःला उचलता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर वर जातो, असं असेल तर बहुधा खांद्याच्या स्नायूचं दुखणं आहे. दुसऱ्यानं उचलूनही तिथेच अडत असेल तर खांदा आखडल्याची शंका घ्या.

दोन-तीन आठवडे झाले तरी दुखणं कमी नाही आणि हात कमी कमी वर जातोय, असं असेल तर वाट पाहू नका.

काय करू नये: आमच्या ताईंच्या बाबतीत झालं ते

तेल रगडणं मी सुचवलं होतं, ते सांगितलंच. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, पण दुखऱ्या टप्प्यात जोरात रगडलं की सूज चाळवते. त्यानंतर त्यांना एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं "सांधा सरकलाय" म्हणून हात झटक्यानं ओढला. त्या रात्री त्या बसून राहिल्या, आणि नंतरचे पंधरा दिवस हात आणखीच कमी हलला. मग कोणीतरी सांगितलं, हाताला पूर्ण आराम द्या. त्यांनी ओढणीची झोळी करून महिनाभर हात गळ्यात बांधला. त्यानं खांदा अजून जाम झाला.

ओढायचं नाही आणि बांधूनही ठेवायचं नाही. दुखणार नाही इतपत हात हलता ठेवायचा.

मेडिकलमधून दुखायची गोळी आणून महिनोन्महिने खाणंही धोक्याचं आहे. अशा गोळ्यांनी पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर परिणाम होऊ शकतो. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको.

दवाखान्यात काय करतात?

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी हात तपासला, एक्स-रे काढायला सांगितला (हाडाचं किंवा सांध्याचं दुसरं दुखणं नाही ना, हे पाहायला), आणि रक्त तपासायला सांगितलं. ताई म्हणाल्या, "खांदा दुखते तर रक्त कायले?" रिपोर्ट आला. उपाशीपोटी शुगर २१२. त्यांना मधुमेह होता आणि कळलंच नव्हतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, पायाला मुंग्या, हे सगळं त्या वय झालं म्हणून सोडून देत होत्या.

म्हणून खांदा आखडलेल्या प्रत्येक ताईनं शुगर तपासून घ्यावी. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह आहे का ते ठरवतात. आपल्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी होते. आशाताईंना विचारा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका.

उपचार टप्प्याप्रमाणे असतात. सुरुवातीला दुखणं कमी करायच्या गोळ्या. ठणका फारच असेल तर डॉक्टर खांद्याच्या सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ शकतात. पहिल्या टप्प्यात त्याचा चांगला उपयोग होतो. पण त्यानं काही दिवस शुगर वाढते, म्हणून मधुमेह असेल तर आधी सांगा आणि नंतर शुगर तपासत राहा. सोबत फिजिओथेरपी, म्हणजे शिकवून दिलेला व्यायाम. एवढं करूनही बरेच महिने फरक पडला नाही, तर भूल देऊन सांधा मोकळा करणं किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन असे पर्याय असतात. फार थोड्यांनाच त्यांची गरज पडते.

घरच्या घरी व्यायाम

आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा, मगच सुरू करा. व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. पिशवी कापडात गुंडाळा. शुगर असेल तर चटका लवकर कळत नाही, म्हणून आधी दुसऱ्या हाताला लावून बघा.

नियम एकच: ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि थोड्या वेळात थांबलं तर ठीक. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा. एकदम तासभर करण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं करा.

• झोका: चांगला हात ओट्यावर किंवा खाटेच्या कडेवर टेकवून पुढे वाका. दुखरा हात विहिरीतल्या दोरासारखा सैल लोंबकळू द्या. पुढे-मागे, मग लहान गोल, दहा वेळा एका बाजूनं, दहा वेळा उलट. दुखऱ्या टप्प्यातही हा करता येतो.

• झोपून हात उचलणं: पाठीवर झोपा. चांगल्या हातानं दुखऱ्या हाताचं मनगट धरा आणि हळूहळू डोक्याकडे न्या. अडेल तिथे थांबा, दहा आकडे मोजा, खाली आणा.

• काठी: दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून झाडूचा दांडा दोन्ही हातांत आडवा धरा. चांगल्या हातानं दांडा ढकलून दुखरा हात बाहेरच्या बाजूला न्या.

• भिंत: भिंतीसमोर उभ्या राहा. बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चालवत न्या. खांदा कानाकडे उचलू नका. जिथे पोहोचाल तिथे खडूनं खूण करा. दर रविवारी नवी खूण.

• टॉवेल: हा ठणका गेल्यावरच. पाठीमागे टॉवेल उभा धरा, चांगला हात वर, दुखरा खाली कमरेशी. वरच्या हातानं हळूच वर ओढा.

रोजचे दिवस कसे काढायचे?

ब्लाउज घालताना दुखरा हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. हुक पुढून असलेलं, थोडं सैल ब्लाउज बरं. शिंप्याला काख सैल करायला सांगा.

झोपताना चांगल्या कुशीवर झोपा आणि छातीजवळ उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर ठेवा. पाठीवर झोपत असाल तर दंडाखाली घडी केलेलं लुगडं ठेवा.

रोजच्या डब्या, तिखट-मीठ, चहा-साखर फळीवरून खाली कमरेच्या उंचीवर आणा. पाण्याचा मोठा हंडा डोक्यावर चढवण्याऐवजी लहान कळशीनं दोन खेपा करा. ज्या कामात हात खांद्याच्या खाली राहतो ती कामं, म्हणजे भाकरी थापणं, भाजी चिरणं, निवडणं, जमतील तशी करत राहा. त्यानं हात हलता राहतो.

लगेच दवाखाना गाठा, जर...

• खांद्यासोबत किंवा डाव्या हातात दुखणं येऊन छातीत दाब, दरदरून घाम, दम लागणं, मळमळ. हे हृदयाचं असू शकतं. थांबू नका, १०८ ला फोन करा.
• पडल्यावर किंवा मार लागल्यावर हात हलत नाही, आकार बदललेला दिसतो.
• खांदा लाल, गरम, सुजलेला आणि ताप.
• हातातली ताकद जाते, बधिरपणा येतो. तोंड वाकडं, बोलणं अडखळत असेल तर तोही १०८ चाच प्रसंग.
• काखेत किंवा स्तनात गाठ लागते.

गट म्हणून आपण काय करू शकतो?

आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे. बैठकीत ते आपण म्हणतो आणि पुढे जातो. त्या गटानं नंतर जे केलं ते सांगते. दंड मागे घेण्याचा ठराव झाला आणि हप्त्याला तीन महिन्यांची मुदत दिली. जिल्हा रुग्णालयात जायच्या गाडीभाड्यासाठी अंतर्गत कर्ज दिलं. दोन ताई आळीपाळीनं सोबत गेल्या. अध्यक्ष ताई सासूबाईंशी बोलायला गेल्या. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच तिचा हात उचलून पाहा." सासूबाईंनी उचलून पाहिला. कळ आली तशी सून ओरडली. त्यानंतर घरात ते वेचणीचं बोलणं बंद झालं. आता हळद कांडायचं आणि वरच्या फळीचं काम सासूबाई मुलाला सांगतात.

पोळ्यापासून धरलं तर आज दीड वर्ष होत आलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूच्या खुणा आहेत, पहिली छातीच्या उंचीला, शेवटची कपाळाच्या वर. शुगर गोळ्यांनी आटोक्यात आहे. मुलीचं लग्न झालं, ती सासरी गेली. ताई स्वतःची वेणी स्वतः घालतात. मागचं हुक अजून लागत नाही, म्हणून पुढचं शिवून घेतलंय. या हंगामात त्या पस्तीस किलोपर्यंत वेचतात. कर्ज फिटायचं आहे, हप्ता सुरू आहे.

ताईंनो, एक विनंती. पुढच्या बैठकीत प्रार्थना झाली की सगळ्यांनी दोन्ही हात सरळ डोक्यावर न्या, मग पाठीमागे कमरेवर न्या. एक मिनिटाचं काम आहे. जिचा हात अडला, तिला बैठक संपल्यावर बाजूला बसवून विचारा, कधीपासून दुखतं, रात्री झोप लागते का, शुगर तपासली का. तिचं नाव आशाताईंना आणि मला कळवा. आणि बैठकीला सारखी गैरहजर राहणारी कोणी असेल, तर दंड लिहिण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक